चौथी बाजू एप्रिलनंतर

प्रस्तावाचं पहिलं पान मी चारदा लिहिलं.
ग्राइंडिंग विभागाभोवती ध्वनिरोधक कक्ष,
खर्च रुपये अठरा लाख चाळीस हजार, जीएसटी धरून.
इथपर्यंत सोपं होतं. कोटेशन चिंचवडचं, शिक्क्यासकट.

पुढचा रकाना: फायदा.

रंगनाथ खिलारे, वय त्रेपन्न,
भोसरीतल्या आमच्या शेडमध्ये एकोणतीस वर्षं
कास्टिंग हातोडीनं वाजवून बघतो,
माठ घेताना बाई बोटाच्या पेरानं वाजवते तसं.
खणखणलं तर पास.
बद्द वाजलं तर आत कुठेतरी केसाएवढी चीर,
एक्स-रे काढा नाहीतर काढू नका.
चार हातांवर ग्राइंडर किंचाळायचे
आणि त्यातून तो ती चीर ऐकायचा.
ऐकायचा.

वायसीएममध्ये तपासणी झाली तो कागद
त्यानं माझ्या टेबलावर ठेवला, डब्यातल्या तेलाचा डाग पडलेला.
"मॅडम, तुम्हाला आलेख कळतात. बघा जरा."
डावीकडून बरी चाललेली रेघ
चार हजारच्या आकड्यापाशी दरीत उतरली होती.

या दरीची रक्कम कशी मांडायची?
रात्री दिघीच्या घरी, गॅसवर डाळ, मांडीवर लॅपटॉप,
मी एका कानाला भाव लावून पाहिला.
भरपाईच्या एका तक्त्यात तो सापडलाही,
इतका किरकोळ, की मी तो खाना रिकामा केला
आणि चाकणच्या गिऱ्हाइकाच्या डेबिट नोटांची फाइल उघडली.

कान तिथे होता.
"चिरलेला माल परत", वर्षाला नऊ लाख वीस हजार.
तीन वर्षांपूर्वी हाच आकडा दीड लाखाच्या आत.
ग्राइंडरचा आवाज कोंडला, वाजवलेलं ऐकू आलं,
ऐंशी टक्के वाचले, तरी सात लाख छत्तीस.
परतफेड: अडीच वर्षं.

आकडा ठळक केला. हिरवा रंग दिला.
मग बसल्या जागी लाज वाटली.
समजा रंगनाथ शेड झाडायला असता,
त्याच्या ऐकण्यावाचून कंपनीचा एकही रुपया अडला नसता,
तर हे पान मी कशाच्या जोरावर लिहिलं असतं?

डाळ करपली.

मुनोत साहेब कुठलाही प्रस्ताव शेवटून वाचतात.
परिशिष्टापाशीच थांबले.
"ही कुठल्या पार्टची विक्री एवढी पडली?"
"खिलारेंचा डावा कान आहे, सर."
एसी किती घरघरतो ते त्या दिवशी कळलं सगळ्यांना.
त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
माणूस वाईट नाही.
पोटच्या मुलीच्या लग्नातही मांडववाल्याशी घासाघीस केलेला.
"पटलं," म्हणाले. "पण अठरा लाख एकदम नकोत.
यंदा तीन बाजू बांधू. चौथी एप्रिलनंतर."

तीन भिंती किती आवाज अडवतात
याचं सूत्र माझ्या शीटमध्ये नव्हतं.
पाऊणपट नक्की नाही,
एवढं बारावीचं फिजिक्स अजून आठवतं.

शेडमध्ये गेले सांगायला. ग्राइंडर चालूच.
त्यानं कानामागे तळवा धरला. मी तीन बोटं दाखवली.
"तीन लाख?"
"भिंती!"
"तीन वर्षं?"
मी मान हलवली, कशाला ते मलाही ठाऊक नाही.
तो हसला. ढिगातून एक ब्रॅकेट उचलला,
वाजवला,
आणि शेजारी उभ्या आयटीआयच्या नव्या पोरीपुढे धरला.
"तू ऐक गं. माझं आता अंदाजपंचे."

पोरीनं कानातला कापसाचा बोळा काढला.